ऐनावरची तार

शहापूर,
२० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप जिवलीताईस,

धाकट्या भगीरथाचा वाकून नमस्कार. वाकणं खरंखुरं आहे. तुझ्या पडवीत दोन दिवस तार ओढल्यापासून कंबर सरळच होत नाही. आज वर्गात मुलांना वाटलं, सर एकदम नम्र झाले.

तू म्हणालीस तसं सगळं लिहून पाठवतो. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन चालतो वरच्या खडकावर आणि डबा आहे खाली घरात. मी सांगणार, तू 'हं, हं' म्हणणार, आणि ती अर्ध्या तासाची उतरण उतरेपर्यंत निम्मं वाटेत सांडणार. कागद डब्यासमोर धरून वाचता येतो. पोस्टमन मंगळवार-शुक्रवार वाडीवर येतो, तेवढा वेग आपल्याला पुरे.

तर त्या पांढऱ्या डब्याला राउटर म्हणतात. तू डबा म्हण, त्याला राग येत नाही. तो रात्रंदिवस चालू ठेवायचा. वीज वाचवायला बंद करायचा नाही. तो तुझ्या एका बल्बापेक्षा कमी खातो. त्याच्यावर काही झाकायचं नाही. हळदकुंकू वाहायचं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण निघताना तू त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होतीस ती मी ओळखतो. पासवर्ड म्हणजे तुझ्या गाईचं नाव, ढवळी, इंग्रजी लहान अक्षरांत, आणि पुढे तिची आजवरची वासरं किती तो आकडा. एवढं गुपित वाडीत फक्त तुलाच नीट माहीत आहे.

एक गोष्ट सारिकाला आवर्जून सांग. तार ओढणारा नवसू म्हणत होता, पंचायतीच्या ऑफिसपासून तुझ्या घरापर्यंत खांब लागतील आणि खांब पावसाळ्यानंतर येतील. हा 'नंतर' कुठल्या वर्षाचा, ते त्याने सांगितलं नाही. मी म्हटलं, बाबा, बांधावर सहा खांब आधीच उभे आहेत, ऐनाच्या झाडांचे. सरळ, उंच, पाया खोल. तो हसला, चढला, आणि दुपारपर्यंत तार पडवीत आली. दाजी त्या दिवशी मुरबाडला गेले होते, नाहीतर त्यांनीही पाठ थोपटली असती. ही युक्ती माझी होती, एवढंच तुझ्या सुनेच्या कानावर घाल. ती मला अजून नुसता व्याकरणाचा मास्तर समजते.

तिचं ठरलेलं पुन्हा लिहितो, म्हणजे दाजींनाही वाचून दाखवता येईल. सारिकाच्या कंपनीने तिला घरून काम करायची मुभा दिली आहे, फक्त नेट पक्कं हवं. ती सावळीला घेऊन १७ मार्चला तुझ्याकडे येईल आणि आठ दिवस काम करून बघेल. आठ दिवस नेट टिकलं तर मायलेकी दिवाळीपर्यंत ऐनवाडीत, आणि तुझा लेक पंकज दर शनिवारी वाशिंदहून येऊन-जाऊन. नाही टिकलं तर एक एप्रिलपासून सावळी वाशिंदच्या पाळणाघरात, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. अडीच वर्षांची पोर.

म्हणून डब्याला जप.

तुझा,
भगीरथ

•

ऐनवाडी, ता. मुरबाड
२ फेब्रुवारी

चिरंजीव भगीरथ,

ताईचा आशीर्वाद. कमरेला मोहाचं तेल लाव, मी बाटली दिली होती ती तशीच ठेवली असशील.

डबा दहा दिस झकास चालला. रोज सांजेला सात वाजता सावळीला बघितली. ती पोर फोनात तोंड घालते, तिचं नुसतं नाकच दिसतं, आणि "आबा, आबा" करते. तुझे दाजी आजवर फोनला हात लावत नव्हते. आता सात वाजायच्या आधी हातपाय धुऊन, सदरा घालून बसायचे. मी म्हटलं, "अवो, ती काय नवरा मुलगा बघायला आलीय?" तर म्हणाले, "गप गो, उघड्या अंगानं नातीसमोर बसू काय?" शेजारची भिमी रोज यायची, तिला आमच्या दाराशी आणखी एक पाट ठेवला होता.

आता ऐक. परवाच्या गुरुवारी दुपारपासून एक दिवा लाल झालाय. फोनात डब्याचं नाव दिसतं, पण सावळी दिसत नाय. गोल गोल फिरतं नुसतं. तू झाकू नको बोललास ते मला ठाव हाय, पण वरून पाल घाण करते म्हणून मी डब्यावर सूप पालथं घातलं होतं. त्यानं तर नाय ना झालं?

दाजींना विचारावं तर ते कवळात, फांद्या-पाला तोडण्यात गुंतलेत. माघ लागला, बांधावर कोयता घेऊन सकाळीच जातात. दोन दिस झाले, नीट जेवत नाय, बोलत नाय. मी डब्याचं काढलं की म्हणतात, "मला काय कळतं त्यातलं? मास्तराला लिव." तर लिहिलं. लवकर सांग. सात वाजले की भिमी पाट घेऊन बसते, आणि आमी तिघं त्या लाल दिव्याकडं बघत बसतो.

तुझी ताई,
जिवली

•

शहापूर,
६ फेब्रुवारी

ती. ताई,

कमरेला तेल लावलं. आता माझ्याजवळून येणाऱ्या-जाणाऱ्याला मोहाचा वास येतो आणि मुख्याध्यापक वेगळ्याच नजरेने बघतात.

तुझं पत्र वाचून रोगाचं निदान लगेच झालं. सूप! अगं, डब्यातून लहरी निघतात, त्या सूप पाखडून काढतं की काय? आधी ते काढ. पालीसाठी वर फळी ठोक, पण हातभर उंच.

मग असं कर. विजेची जाड वायर भिंतीतून काढ. शंभरपर्यंत अंक मोज. तू भात मोजताना मोजतेस तसे मोज, मी शाळेत मोजायचो तसे मधले गाळून नको. मग पुन्हा लाव आणि पाच मिनिटं त्याच्याकडे अजिबात पाहू नकोस. पाहिल्याने तो लवकर चालू होत नाही, मी प्रयोग केलेला आहे.

त्यानंतर दिवे डावीकडून उजवीकडे बघ आणि कुठला हिरवा, कुठला लाल, कुठला मिटमिटतो ते लिही. ते दिवे म्हणजे एक वाक्य आहे. पहिला दिवा कर्ता, म्हणजे वीज आली. पुढचे दिवे बाकीची पदं. सगळे हिरवे असतील तर वाक्य पूर्ण. मधे लाल असेल तर कुठलं पद चुकलं ते मी इथून अन्वय लावून सांगतो. तीस वर्षं मुलांची मोडकी वाक्यं दुरुस्त केली आहेत, एक डबा काय अवघड आहे?

दाजींना म्हणावं, कवळाच्या दिवसांत उपाशी झाडावर चढू नये. भारे वाहून माझीही मान लहानपणी आखूड झालेली आहे. ती वर्षं आठवली तरी खांदा खाजतो.

तुझा,
भगीरथ

•

ऐनवाडी
१२ फेब्रुवारी

चि. भगीरथ,

सूप काढलं. फळी ठोकली. शंभर मोजले, वर दहा जास्तच मोजले. पाच मिनिटं तोंड फिरवून बसली. काय उपयोग नाय.

दिवे असे हायेत. पहिला हिरवा. दुसरा विझलेला. तिसरा लाल आणि डोळे मिचकावतो. चौथा, पाचवा हिरवे. लाव तुझा अन्वय.

भिमी म्हणते, डब्याला दृष्ट लागली. मी म्हटलं, रोज पाट घेऊन कोण बसत होतं? तर रुसून गेली.

आता एक सांगते, रागावू नको. रविवारी खडकावर जाऊन पंकजला फोन लावला. सारिकेनं फोन घेतला आणि विचारलं, "आई, नेट कसं चाललंय?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "एकदम चांगलं चाललंय, तू ये." आता काय करू? खरं सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं पाळणाघराचं नक्की केलं असतं. अजून महिना हाय, तोवर तू नीट करशीलच, असा विचार केला.

दाजी म्हणतात, डब्यातच खोट हाय, बदलून माग. आणि दुसरं काय बोलत नाय. सदरा खुंटीला लावून ठेवलाय तो तसाच हाय.

जिवली

•

शहापूर,
१७ फेब्रुवारी

ती. ताई,

तू खोटं बोललीस याबद्दल रागवायला मी लायक उरलो नाही. परवा सारिकाने मला फोन केला. "मामा, तुम्ही बसवलंय ना, खरंच चालतं का?" मी म्हणालो, "उत्तम." इतकं छोटं आणि इतकं खोटं वाक्य मी आयुष्यात कधी रचलं नव्हतं. तेव्हा आपण बहीणभाऊ एकाच बाकावर.

आता दुरुस्ती. तुझ्या दिव्यांवरून मला वाटतं, डब्याची बुद्धी भ्रमित झाली आहे. त्याच्या पाठीमागे एक बारीक भोक आहे, सुईच्या नाकाएवढं नव्हे, जरा मोठं. त्यात पिन घालून दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धर. सगळे दिवे एकदम विझतील आणि पुन्हा लागतील. घाबरू नकोस. माणसाला झोप काढल्यावर जसं ताजं वाटतं, तसं त्याचं होतं.

आणखी एक. दाजींना जरा पंचायतीपर्यंत तारेच्या खालून चालत जायला सांग. वानरांनी ओढली, खारीने कुरतडली, काही झालं असेल तर त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. अर्ध्या कोसावरून रानातला ससा ओळखणारा माणूस आहे.

भिमीचा रुसवा काढ. पाट मोकळा राहू देऊ नकोस.

भगीरथ

•

ऐनवाडी
२४ फेब्रुवारी

भगीरथ,

आशीर्वाद राहू दे बाजूला. तुझ्या पिनीनं डबा पार खुळा झाला.

आधी निदान फोनात त्याचं नाव तरी दिसत होतं. आता ते नाव गेलं, दुसरंच काय तरी लांबलचक इंग्रजी नाव आलंय, आणि ढवळीचं नाव घातलं तर ओळख देत नाय. वासरं मोजून घातली तरी नाय. झोप काढल्यावर माणूस ताजा होतो म्हणालास, हा तर झोपेतून उठून घरच्यांनाच विसरला. आणि तो लाल दिवा हाय तसाच हाय.

दाजींना तारेखालून पाठवलं. "जातो" म्हणाले आणि गेले. तासानं आले. मी विचारलं, "काय दिसलं?" तर म्हणाले, "तार जागच्या जागी हाय." तांब्याभर पाणी प्यायले आणि न जेवता पुन्हा बांधावर. सगळे ऐन आता बोडके झालेत, घराच्या दारातून पंचायत सरळ दिसते. कवळाचे भारे सुकायला लागलेत. पण ह्या माणसाला एवढं काय झालंय ते कळत नाय. मी तोडून बोलली काय त्याला? तूच सांग, तू तर बायकोशी बोलताना पण शब्द तोलतोस.

सतरा तारखेला तीन आठवडे उरलेत. रविवारी खडकावर गेली नाय. सारिकेनं विचारलं तर काय सांगू? दोनदा खोटं मला जमायचं नाय.

जिवली

•

शहापूर,
१ मार्च

ती. ताई,

पिन ही माझी चूक. कबूल. त्या भोकातून मी डब्याची बुद्धी ठिकाणावर आणायला गेलो आणि बसवलेली सगळी मांडणीच पुसून टाकली. ती आता तंत्रज्ञालाच पुन्हा भरावी लागेल.

मी स्वतः आलो असतो, पण दहावीची परीक्षा चालू आहे. सतरा तारखेपर्यंत सकाळी अकरा ते दोन मुलांच्या पाठीमागे उभं राहून ती कॉपी करत नाहीत ना हे बघायचं. सध्या मला वाटतं, एखादा मुलगा माझ्या पाठीमागे उभा असता तर बरं झालं असतं.

काल नवसूला फोन केला. त्याला तुझे दिवे वाचून दाखवले. तो म्हणाला, "सर, तिसरा लाल मिचकावतोय? मग डब्याचं काय नाय. तार तुटलीय. उजेडच पोचत नाय." मी विचारलं, कसला उजेड? तेव्हा त्याने सांगितलं, आणि मला तीस वर्षांत इतकं अडाणी कधी वाटलं नव्हतं. ताई, त्या काळ्या तारेत तांबं नाही. काच आहे. केसाएवढी बारीक काच, आणि तिच्यातून वीज नाही, प्रकाश धावतो. म्हणून ती तुटली तर विजेच्या वायरीसारखी पिळून, पट्टी गुंडाळून जोडता येत नाही. बाहेरून अखंड दिसते आणि आत अंधार. त्यासाठी नवसूकडे यंत्र आहे, ते दोन टोकं वितळवून एक करतं.

मी त्याला म्हटलं, "नवसू, तार तुटलेली नाही. आमच्या दाजींनी सगळ्या झाडांखालून चालत जाऊन पाहिली आहे, आणि दाजी आयुष्यात खोटं बोललेले नाहीत." तो म्हणाला, "मग मला काय समजत नाय. तुटलेली जागा सापडली की कळवा, येतो." तेव्हा गाडी तिथे अडली आहे. हे पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे त्यांना पुन्हा एकदा बारकाईने बघता येईल. दोन झाडांच्या मधली तार नव्हे, झाडाला बांधलेली जागा बघा म्हणावं.

दाजींना तू काही तोडून बोलली नसशील. बोललीस तरी त्यांनी ते कधी मनावर घेतलेलं मला माहीत नाही.

भगीरथ

•

ऐनवाडी
५ मार्च

भगीरथ मास्तर यांस,

तुझ्या दाजीचा, बारकूचा राम राम. मी कधी कागद लिहित नाय. चवथीनंतर हाच पयला. समजून घे.

तार मी कापली. माघाच्या पयल्या दिवशी, सहाव्या ऐनावर. पाच झाडांवर तार बाजूला सारून, जपून कवळ काढलं. सहाव्याला वरची फांदी तोडताना कोयता घसरला. बारीक आवाज झाला. खाली बघतो तर दोन टोकं लोंबतायत.

तशीच पिळली, आणि पंपाच्या वायरीला लावतो ती काळी पट्टी गुंडाळली. वायर तुटली की आमी असंच करतो, पंप चालतो. म्हणून मला वाटलं तार जोडली गेली. लाल दिवा लागला तवा भ्यालो, पण मनात म्हटलं डब्याचं काय तरी असंल, तार तर मी पक्की केलीय. तू तार बघायला पाठवलं तवा ती जागच्या जागी होती. मी खोटं नाय बोललो. काल तुझी ताई तुझा कागद मोठ्यानं वाचत होती. काच म्हणाली तवा माझा हात थांबला. पट्टी गुंडाळताना केसावानी काय तरी टोचलं होतं ते आठवलं.

तिला आधीच का नाय सांगितलं ते विचारशील. बुधवारी सांजेला सावळी पयल्यांदा "आबा, जेवला?" म्हणाली. तुझी ताई पदर तोंडाला लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती तार कापली. कसं सांगू?

आता एक तुला विचारतो. राग मानू नको. ऐनावर तार बांधायची बुद्धी तुझी ना? मास्तर, तू राबाच्या घरात जन्मला. कवळाचे भारे तू माझ्यासंगं वाह्यलेस. माघात ऐन छाटतात, कवळ जाळून जमीन भाजल्याबिगर राब नाय, राबाबिगर भाताचं रोप नाय, हे तुला शिकवायला लागतं काय? झाडाला खांब समजलास. मी मुरबाडला नसतो तर तिथंच तुला बोललो असतो.

कालपास्नं मी सागाच्या पाच बल्ल्या रोवल्यात, तार झाडावरून काढून त्यांच्यावर घेता येईल. त्या यंत्रवाल्याला धाड. तुझ्या ताईला सांगू नको.

बारकू

•

शहापूर,
९ मार्च

आदरणीय दाजींस,

भगीरथाचा साष्टांग, आणि यावेळी कमरेचं निमित्त नाही.

तुमचा कागद चार वेळा वाचला. तुमचा कोयता निर्दोष आहे. त्याने जे काम माघात करायचं तेच केलं. ते माझ्या लक्षात नव्हतं. बांधावर उभा राहून मी सहा झाडं मोजली, त्यांची उंची मोजली, सरळपणा मोजला. त्यांच्यावर दर वर्षी चढून मी स्वतः फांद्या पाडल्या होत्या, तुम्ही खालून "मधली सोड रे, तिला पुढच्या वर्षी पालवी पायजे" म्हणून ओरडत होतात, हे मात्र त्या क्षणी पार गेलं होतं. तीस वर्षं शहापुरात राहून मला झाडाचं फक्त खोड आणि उंची दिसू लागली. आणि एवढं करून तुमच्या सुनेला 'युक्ती माझी' असा निरोप पाठवला.

नवसू गुरुवारी सकाळी येतो, होळीच्या दिवशी. यंत्र घेऊन. तार बल्ल्यांवर घेईल, टोकं जोडेल आणि डब्यातली पुसलेली मांडणीही भरून देईल. ताईला मी वानरांचं नाव सांगितलं आहे. ती उलट उत्तर द्यायला येणार नाहीत.

पण दुसरी एक गोष्ट लपवता येणार नव्हती, ती मी उघड केली. तुमचा कागद आला त्याच दिवशी मी सारिकाला फोन केला. म्हटलं, "सारिका, नेट चालत नाही. महिनाभर नाही. मी आणि ताई दोघांनी तुला खोटं सांगितलं." ती म्हणाली, "मामा, आधी रोज सातला कॉल यायचा. मग एकदम बंद. आणि विचारलं तर आई म्हणतात नेट एकदम चांगलं. मला काय वाटलं असेल?"

मी म्हटलं, काय वाटलं?

"वाटलं, नेट आहे, पण त्यांना आम्ही नको आहोत. दहा दिवस बघून कंटाळल्या. पंकजला मी बोललेही नाही. सरळ पाळणाघराचा फॉर्म भरून दिला."

दाजी, तार तुटली हे सांगितलं असतं तर ती एक तार होती. आपण तिघांनी मिळून ती झाकली, आणि ती पोरगी वाशिंदला बसून भलतंच समजत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. कोयता वगळला, तुमचा सदरा सांगितला. सदऱ्याशी आल्यावर ती हसली, आणि मग बराच वेळ नाक ओढत होती.

ती सतरालाच येणार आहे. नेट चालो न चालो, येणार म्हणाली, पण काम व्हायला हवं तर चालायला हवं. पाळणाघराचा फॉर्म अजून तिथेच आहे, त्याचं उत्तर आठ दिवस संपल्यावर.

गुरुवारी सात वाजता सदरा घालून बसा.

आपला,
भगीरथ

•

ऐनवाडी
२७ मार्च

चि. भगीरथ,

ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

होळीच्या दिवशी नवसू आला. तासभर बल्लीखाली पेटी उघडून बसला, डोळ्याला काच लावून. मग तिसरा दिवा विझला आणि दुसरा हिरवा झाला. सांजेला होळी पेटायच्या आधी आमच्या घरात सावळीचं नाक पेटलेलं दिसलं. भिमी पाट घेऊन हजर. तुझे दाजी इस्त्री केलेला सदरा घालून. इस्त्री कोणाकडं केली ते विचारू नको, तांब्यात निखारे घालून स्वतःच फिरवत होते.

सतराला, सोमवारी सारिका आणि सावळी आल्या. आठ दिवसांत एकदा वीज गेली तेव्हा तासभर नेट गेलं, पण सारिका म्हणाली, वीज तर वाशिंदला पण जाते. काल रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं पाळणाघराला फोन करून सांगितलं की मुलगी येणार नाय. मी भांडी घासत होती, ऐकून पुन्हा तीच भांडी घासली. आता दिवाळीपर्यंत. पंकज शनिवारी येतो.

तू मला वानरांचं लिहिलंस. नवसूलाही विचारलं, तो पण वानरंच म्हणाला, पण हसला. मग मी सहाव्या ऐनाखाली गेली. तिथं कापलेला तुकडा पडला होता. त्याच्यावर काळी पट्टी, आपल्या पंपाच्या डब्यातली, नीट सात वेढे घातलेली. माकडाला पट्टी कुठं मिळाली रे? तुकडा मी माझ्या पेटीत ठेवलाय. त्यांना बोलली नाय. त्यांना वाटतंय मला ठाव नाय, तर राहू दे. महिनाभर बिचारं उपाशी फिरलं. आता आमचं माकड पडवीत नातीला मांडीवर घेऊन बसलंय आणि डब्यावरच्या दिव्यांचे रंग शिकवतंय. "हिरवा म्हणजे जेव, लाल म्हणजे आबाला सांग."

त्यांचा तुला निरोप हाय. पुढच्या माघात सुट्टी काढून ये. सहावा ऐन तू छाटायचास. मधली फांदी सोडायची. कोयता धार लावून ठेवतात.

तू विचारशील, आता नेट आलंय तर फोन का नाय करत, पत्र कशाला. अरे, सारिकेची दिवसभर मिटिंग असते. घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाय, कोंबड्यांना पण परसात हाकललंय. आणि मला हळू बोलता येत नाय, तुला ठाव हाय. परवा तुझा फोन आला तवा मी "कसा हायस रे?" एवढंच विचारलं, तर पलीकडं तिच्या साहेबानं "कोण ओरडतंय?" विचारलं.

म्हणून पत्रच टाक.

तुझी ताई,
जिवली